अपार्थाइड म्हणजे नुसता वर्णद्वेष नव्हे

‘अपार्थाइड म्हणजेच वर्णद्वेष’ असं अनेकदा म्हटलं जातं, ते मला पटत नाही. द्वेष मनात असतो. अपार्थाइड कायद्याच्या पुस्तकात होतं. शब्द आफ्रिकान्स भाषेतला, अर्थ ‘वेगळेपण’. १९४८ साली दक्षिण आफ्रिकेत नॅशनल पार्टी सत्तेवर आली आणि या साध्या शब्दाचं, वंशावरून माणसांना वेगळं ठेवण्याचं, सरकारी धोरण झालं. १९५० च्या कायद्याने प्रत्येकाचा वंश नोंदला जाऊ लागला. शंका आली तर केसांत पेन्सिल खोचून पाहत. घसरून पडली तर गोरा, अडकली तर नाही. एकाच घरातली माणसं अशी वेगवेगळ्या रकान्यांत गेली! म्हणून मराठीतही सरळ ‘अपार्थाइड’च लिहावं, पण ऊठसूट कुठल्याही भेदभावाला नको. १९७३ च्या संयुक्त राष्ट्रांच्या कराराने अपार्थाइडला मानवतेविरुद्धचा गुन्हा ठरवलंय.