चीनमधल्या जुन्या गाड्यांची इंजिनं: शांघायला जातोय, काय बघू?

बोअर_स्ट्रोक: नमस्कार मंडळी. माझ्याकडे सत्तरच्या दशकातली फियाट आहे, तिचं इंजिन दोनदा स्वतः खोललंय. मुलगी शांघायला असते, दिवाळीनंतर तीन आठवडे तिच्याकडे जाणार आहे. तिकडच्या जुन्या गाड्यांचे फोटो ढीगभर सापडतात, पण बॉनेटखाली काय होतं, ते कशावरून बनवलं, हे कुणी नीट सांगत नाही. जाणकारांनी वाट दाखवावी.

भट्टीवाला_कोल्हापूर: दादा, आधी तिथल्या इंजिनाचं नाव वाचायला शिका, अर्धं काम तिथेच होतं. 680क्यू म्हणजे 6 सिलिंडर, 80 मिमी बोअर (सिलिंडरचा आतला व्यास), आणि क्यू म्हणजे मोटारीसाठीचं. हे ‘शांघाय एसएच760’ या गाडीचं. मर्सिडीजच्या 2.2 लिटर सहा सिलिंडर इंजिनावरून बेतलेलं, आणि त्या मूळ इंजिनाचा बोअरसुद्धा बरोबर 80! तसंच 492क्यू: 4 सिलिंडर, 92 बोअर. स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची चाल, तीही 92च. रशियन व्होल्गाचं हेच माप. 1965पासूनच्या बीजे212 या बीजिंगच्या जीपमध्ये ते बसायचं. माझं मत विचाराल तर बघण्यासारखं इंजिन हेच.

बोअर_स्ट्रोक: वा, हे माहीत नव्हतं. पण होंगछी या सरकारी मोटारीचा व्ही8, म्हणजे आठ सिलिंडरचं इंजिन? सगळे त्याचंच कौतुक करतात.

भट्टीवाला_कोल्हापूर: कौतुक करावं असंच आहे ते. होंगछीच्या छांगचुनमधल्या कारखान्याची पायाभरणी 1953ची. जुलै 1956मध्ये पहिला जिएफांग ट्रक बाहेर पडला, तोही रशियन झिस-150च्या नकाशांवर. आणि दोनच वर्षांत, ऑगस्ट 1958ला, व्ही8! अमेरिकन क्रायस्लर इंपिरियल गाडी पूर्ण खोलून सुटे भाग मांडून ठेवले आणि ज्याला जो जमेल असं वाटलं तो त्याने उचलला. तिथले लोक याला जत्राच म्हणतात.

आता ओतकाम करणाऱ्याच्या नजरेने बघा. आपल्याकडे कुर्ल्याला फियाटचे आणि उत्तरपाड्याला मॉरिसचे नकाशे परवान्याबरोबर आले. यांच्यासमोर फक्त तयार ब्लॉक. पाण्याच्या जॅकेटची (सिलिंडरभोवती पाणी फिरतं ती पोकळी) आतली भिंत किती जाड, हे ब्लॉक करवतीने कापल्याशिवाय कळत नाही. बिडाचा ओतीव माल थंड होताना शंभराला साधारण एक आकसतो, म्हणजे पॅटर्न (साचा घेण्याचा नमुना) तेवढा मोठा करावा लागतो. त्यात व्ही8ला सिलिंडरच्या दोन रांगा कोनात. एक कोअर (आतली पोकळी राखणारा वाळूचा गाभा) जरा सरकला की एका बाजूची भिंत पातळ होते, आणि ते बोअरिंग करताना समजतं. तोवर सगळी मेहनत वाया. मी साधे चार सिलिंडरचे ब्लॉक ओतलेत, त्यात झालेलं नुकसान अजून आठवतं. म्हणून त्या माणसांबद्दल मला फार आदर आहे.

पण होंगछी 1981मध्ये थांबली तोवर जेमतेम दीड हजार गाड्या झाल्या होत्या, त्याही सरकारी मानकऱ्यांसाठी. 492 मात्र गावोगावी पोचलं. कारखाना कसा शिकला हे हजारोंनी निघालेल्या इंजिनात दिसतं.

पुदोंगची_सून: काका, मी सहा वर्षं इथे राहते. मेट्रोच्या 11 नंबर लाइनने ‘शांघाय ऑटोमोबाइल सिटी’ला उतरा, आन्टिंग भागात ऑटो म्युझियम आहे. हा भाग मुद्दाम बघा, कारण शांघाय एसएच760 इथलीच. 1958ला ‘फिनिक्स’ म्हणून सुरू झाली, 1964ला नाव बदललं, नोव्हेंबर 1991ला बंद झाली. तोवर बाजूलाच फोक्सवॅगनची सान्ताना तयार होऊ लागली होती. सोमवारी जाऊ नका, इथली बरीच संग्रहालयं त्या दिवशी बंद असतात. पासपोर्ट जवळ ठेवा.

बोअर_स्ट्रोक: दोघांचे मनापासून आभार. भट्टीवाले, 492 उघडं ठेवलेलं दिसलं तर कशाचे फोटो काढू?

भट्टीवाला_कोल्हापूर: ब्लॉकच्या बाजूला ओतलेले आकडे आणि अक्षरं, अगदी जवळून. आणि वेल्च प्लगच्या (ब्लॉकची भोकं बंद करणाऱ्या पत्र्याच्या टोप्या) आसपासचा खडबडीत भाग, जिथे मशीन लागलेलं नाही. मला पाठवा नक्की.