‘ज्येष्ठ’ म्हणजे पहिली निर्मिती नव्हे

बायबलमधल्या पौलाच्या कलस्सैकरांस पत्रात (१:१५) ख्रिस्ताला ‘सर्व उत्पत्तीत ज्येष्ठ’ म्हटलंय, म्हणून तोही निर्माण झालेलाच, फक्त सगळ्यांच्या आधी, असं काही जण म्हणतात. ते मला पटत नाही. लगेच पुढचं वचन सांगतं की सर्व काही त्याच्या द्वारे आणि त्याच्यासाठी निर्माण झालं. योहानाच्या शुभवर्तमानाप्रमाणे (१:३) तर जे झालं त्यातलं काहीच त्याच्यावाचून झालं नाही. मग त्या झालेल्यांच्या रांगेत त्यालाच कसं उभं करायचं?

गाडं अडतं ते ‘ज्येष्ठ’ या शब्दापाशी. सोलापुरात आमच्या चर्चच्या मंडळीतल्या एका वडीलधाऱ्या बाईंनी मला स्तोत्र ८९:२७ काढून दाखवलं होतं. तिथे देव दावीद राजाबद्दल म्हणतो, मी त्याला ज्येष्ठ करीन. आणि दावीद तर इशायाचा सगळ्यांत धाकटा मुलगा! म्हणजे इथे जन्माचा क्रम नाही, मान आणि अधिकार आहे. जुन्या ग्रीक भाषांतरात तिथे ‘प्रोतोतोकोस’ (शब्दशः प्रथम जन्मलेला) आहे, पौलाच्या पत्रातही तोच शब्द. मला हे लगेच समजलं, कारण आमच्याकडे आजोबांनंतर मागांचा सगळा कारभार धाकट्या काकांकडे आला आणि घरात थोरलेपण त्यांचंच मानलं गेलं.

हा वाद आजचा नाही. चौथ्या शतकातल्या अलेक्झांड्रियाच्या अरियस या धर्मगुरूचंही म्हणणं हेच होतं, की पुत्र म्हणजे ख्रिस्त नव्हता असा काळ होता. इ.स. ३२५ च्या निकेया इथल्या बिशपांच्या परिषदेने त्यावर ‘जन्मलेला, निर्माण केलेला नव्हे’ असे शब्द मतांगीकारात, म्हणजे श्रद्धेच्या अधिकृत कबुलीत, घातले.