'हात धुवा' सांगून साथ थांबते का?

ओंजळ:
बरेच दिवस डोक्यात आहे ते आज लिहूनच टाकते. गरीब देशात कॉलरा, टायफॉइड, हगवण काहीही पसरलं की सगळ्यात आधी निघते ती जनजागृती मोहीम. पोस्टर लागतात, लाउडस्पीकर फिरतो, शाळेत मुलांना हात कसे धुवायचे ते शिकवतात, फोटो निघतात आणि पुढच्या पावसाळ्यात तीच साथ त्याच वस्तीत परत हजर. मला वाटतं आपण उलट्या टोकाने सुरुवात करतोय. लोक माहीत नाही म्हणून आजारी पडत नाहीत, सोय नाही म्हणून पडतात. जी बाई दिवसातून दोनदा लांबून डोक्यावर पाणी आणते तिला शौचानंतर, स्वयंपाकाआधी, बाळाला भरवण्याआधी असे प्रत्येक वेळी हात धुवा सांगायचं, तर ते पाणी तिने कुठल्या कामातून काढायचं हेही सांगा ना.

लंडनचंच बघा. कॉलऱ्याचा जंतू जर्मन शास्त्रज्ञ कॉखने दाखवला १८८३-८४ मध्ये, पण लंडनमधली कॉलऱ्याची शेवटची मोठी साथ त्याच्याही आधी, १८६६ ला येऊन गेली होती, आणि ती आली पूर्व भागात, जिथे नव्या गटारांचं काम पुरं झालेलं नव्हतं. म्हणजे लोकांना जंतू म्हणजे काय ते माहीतही नव्हतं आणि रोग गेला, कारण घाण पाण्यात जायची थांबली. मग आज गरीब देशांनाच आधी धडे का द्यायचे? मला तर वाटतं आरोग्य शिक्षण हे सरकारांसाठी स्वस्तातलं काम झालंय, आणि त्यात दोष अलगद आईवर जातो, 'तिला सांगितलं होतं, तिने केलं नाही'.

वाटसरू:
ताई, नारू हा जंताचा रोग विसरलात का? नारूवर ना लस आहे ना औषध, आजही नाही. १९८६ मध्ये २१ देशांत वर्षाला साधारण ३५ लाख लोकांना व्हायचा आणि २०२३ मध्ये जगभरात माणसांमध्ये फक्त १४ केसेस निघाल्या. हे शिकवूनच झालं. हा जंत पाण्यातल्या बारीक किड्यातून पोटात जातो, वर्षभराने पायाला फोड येतो, आग आग होते म्हणून माणूस पाय तळ्यात बुडवतो आणि तिथेच जंत हजारो पिल्लं सोडतो, मग तेच पाणी सगळं गाव पितं. हे चक्र तोडायला दोनच गोष्टी लागायच्या, पाणी फडक्यातून गाळून प्यायचं आणि फोड आलेल्याने तळ्यात उतरायचं नाही. पण हे नुसतं सांगून कोण ऐकणार, कित्येक ठिकाणी लोक म्हणायचे हा जंत जन्मापासून अंगातच असतो, कुठे म्हणायचे शाप आहे. तेव्हा कार्यकर्ते त्याच तळ्याचं पाणी काचेच्या बरणीत घ्यायचे, उजेडात धरायचे, वर भिंग, आणि लोकांना त्यात वळवळणारे किडे दाखवायचे. मग तेच पाणी फडक्यातून गाळून परत दाखवायचं. हे पोस्टर नाही. याला मी शिक्षण म्हणतो.

नळजोड:
वाटसरू, अर्धीच गोष्ट सांगताय तुम्ही. भारतातून नारू गेला, शेवटची केस १९९६ मधली, पण त्यासाठी पायऱ्यांच्या विहिरी बंद केल्या किंवा बदलल्या, हातपंप बसवले, पाण्यात किडे मारायचं औषध टाकलं. जिथे माणसाला पाण्यात उतरावंच लागत नाही तिथे त्याला उतरू नको सांगायची गरजच नाही. मी पाणीपुरवठ्याच्या कामात आयुष्य घातलंय, माझं मत ओंजळ ताईंच्या बाजूने आहे आणि थोडं आणखी कडक आहे. हैतीमध्ये २०१० ला कॉलरा कसा आला? संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसैनिकांच्या तळावरची घाण नदीला मिळाली आणि त्या नदीवर जगणारी हजारो माणसं आजारी पडली, पुढे काही वर्षांत आठ लाखांवर लोकांना लागण झाली आणि दहा हजारांच्या आसपास मेले. त्या माणसांना काय शिकवायचं होतं? ते रोज वापरायचे तीच नदी होती. शिकवायची गरज होती ती तळावर संडासाची टाकी बांधणाऱ्याला.

वाटसरू:
मान्य, पण सर, हातपंप येईपर्यंत काय? दक्षिण सुदान, मालीसारख्या देशात किती ठिकाणी तो अजून पोचलेला नाही. भटके लोक तर विहिरीजवळ राहतच नाहीत, त्यांना गळ्यात अडकवायची गाळणीची नळी दिली आणि ती का वापरायची ते पटवून दिलं. नळ येईल तेव्हा येईल, फडकं आज देता येतं.

निवृत्त सिस्टर:
मी तीस वर्षं हेच काम केलं, म्हणून लिहिते. आमच्या केंद्रातून ओआरएसची, म्हणजे जुलाबात द्यायच्या मीठ-साखरेच्या पुडीची, पाकिटं वाटायचो आणि पाठ केल्यासारखं सांगायचो, एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात पूर्ण पाकीट टाका. सगळ्या मान हलवायच्या. एकदा एका बाईचं मूल जुलाब होऊन पुन्हा पुन्हा येत होतं, मी घरी गेले आणि म्हटलं माझ्यासमोर करून दाखव. तिने छोटी वाटी घेतली, पाकिटाचा कोपरा फाडला, चिमूटभर टाकलं आणि पाकीट दुमडून डब्यात ठेवलं, उद्यासाठी. मी विचारलं एक लिटर म्हणजे किती, तर ती गप्प. त्या घरात लिटरचं मापच नव्हतं. वाटीत किती पडतंय याचा काही नेम नाही, एखाद्या वेळी जास्त पडलं आणि पाणी फार खारट झालं तर ते मुलाला आणखी त्रास देतं. माझ्या रजिस्टरमध्ये ती बाई 'माहिती दिली' या रकान्यात होती. त्या दिवशी रस्त्यात मला रडू आलं, कारण मी तिला काहीच शिकवलेलं नव्हतं, फक्त बोलले होते.

खडूफळा:
सिस्टर, तुमची पोस्ट दोनदा वाचली. बांगलादेशात हेच फार मोठ्या प्रमाणावर करून दाखवलंय. ब्रॅक या संस्थेने १९८० ते ९० या दहा वर्षांत १ कोटी २० लाखांहून जास्त घरांत बाया पाठवल्या, एकेका आईसमोर बसून शिकवलं, तीन बोटांची चिमूट मीठ, एक मूठ गूळ, अर्धा शेर पाणी. पाकीट नाही, लिटर नाही, माप म्हणजे तिचाच हात. आणि आई स्वतः करून दाखवेपर्यंत शिकवणारी उठायची नाही. पगार कसा, तर नंतर दुसरी माणसं जाऊन त्यातल्या काही आयांना विचारायची आणि त्यांना किती आठवतंय त्यावर शिकवणारीचे पैसे ठरायचे. म्हणजे बोलल्याचे पैसे नाहीत, शिकल्याचे. आपल्या शाळांतसुद्धा असं नसतं.

पण त्यातही सुरुवातीला गाडी अडली होती. आयांना कृती बरोब्बर यायची, करून दाखवायच्या, आणि मूल आजारी पडलं की वापरायच्या मात्र फार थोड्या. शोध घेतला तर कळलं की शिकवणाऱ्या बायांचाच त्यावर विश्वास नव्हता, त्यांना स्वतःला जुलाब झाले तर त्या दुसरंच औषध घ्यायच्या. मग त्यांना ढाक्याच्या प्रयोगशाळेत नेऊन हे कसं काम करतं ते नीट समजावलं, शिकवताना त्या स्वतः घोट पिऊन दाखवू लागल्या, घरातल्या पुरुषांनाही बोलावून सांगितलं. मला यातली ही गोष्ट सगळ्यात मोठी वाटते.

रोखठोक:
मी दोन्ही बाजूंना विरोध करायला आलोय. चुकीचं आरोग्य शिक्षण नुसतं वाया जात नाही, माणसं मारतं. २०१४ ला पश्चिम आफ्रिकेत इबोला आला तेव्हा सुरुवातीचा मेसेज काय होता, या रोगावर इलाज नाही. बरं मग इलाजच नाही तर माणूस आपल्या आईला उपचाराच्या त्या पांढऱ्या तंबूत का नेईल? मरायचंच आहे तर घरी मरू दे म्हणून लोकांनी रुग्ण लपवले आणि घरंच्या घरं गेली. गिनीमध्ये वोमे गावात सप्टेंबर २०१४ ला जागृती करायला गेलेल्या टीमवर लोक धावून गेले, आठ जणांना मारलं, त्यांना वाटत होतं हेच लोक रोग आणतायत. तिथे माहिती कमी नव्हती, भरवसा नव्हता. आणि अंत्यविधीचं घ्या, मृतदेहातूनही रोग लागतो म्हणून त्याला हात लावू नका हा आदेश शास्त्राने बरोबरच होता, पण आईला न्हाऊ न घालता पिशवीत भरून नेणं हे कुठल्या मुलाला पटेल? घरच्यांना लांबून का होईना उभं राहू दिलं, प्रार्थना करू दिली, धर्मगुरूंना सोबत घेतलं, तेव्हा लोक मृत्यू कळवायला स्वतःहून फोन करायला लागले. २८,६०० च्या वर लोकांना लागण झाली, ११,३०० च्या वर गेले. यातले कितीतरी वाचले असते जर आधी ऐकून घेतलं असतं. आपल्याकडे आरोग्य शिक्षण म्हणजे आपण बोलणार आणि ते ऐकणार, मुळात तिथेच गडबड आहे.

ओंजळ:
सिस्टरांचा तो रकाना डोक्यातून जात नाहीये. मी माझं म्हणणं थोडं बदलते, पूर्ण नाही. वाटसरू आणि खडूफळा जे सांगतायत त्याला विरोध नाही, माझा राग आहे तो भाषणावर, आणि बहुतेक पैसा भाषणावरच जातो. आंध्रात चित्तूर जिल्ह्यात हात धुण्याचा एक प्रयोग झाला होता, २०१४ ला निष्कर्ष छापून आले. त्यात जंतू, आजार यावर भर दिलाच नाही, घाण वाटणं, चांगली आई असणं अशा भावनांवर सगळं रचलं. सहा महिन्यांनी साबणाने हात धुण्याचं प्रमाण त्या गावांत ३७ टक्के होतं आणि बाकीच्या गावांत ६ टक्के. म्हणजे फरक पडतो. पण तरी ३७, बाकीचे ६३ कुठे गेले? नळजोड सर म्हणतात ते तिथे येतं. पाणी दारात असेल तर आठवण कमी करून द्यावी लागते.

नळजोड:
तेच तर म्हणतोय. आणि खर्चाचं बोलायचं तर पाइप एकदा टाकायचा, शिकवणं दर पिढीला. मूल मोठं होतं, नवी सून येते, परत पहिल्यापासून.

खडूफळा:
सर, पाइप टाकला तरी तो बघावा लागतो, गळती लागली की त्याच पाइपात गटार शिरतं, ते कोणाला कळवायचं, क्लोरीनचा वास का येतो, वास आला म्हणून पाणी ओतून का द्यायचं नाही, हेही शिकवावंच लागतं. तुमच्या कामात ते धरत नसतील पण तेही आरोग्य शिक्षणच आहे.

नळजोड:
हा मुद्दा घेतला. आम्ही नळ देऊन निघून येतो हे खरं आहे.

रोखठोक:
सिस्टर, त्या बाईचं पुढे काय केलंत? मापाचं?

निवृत्त सिस्टर:
बाजारातून माप आणून देता आलं असतं पण ते हरवलं असतं. तिच्या घरातलं रोजचं पाण्याचं भांडं घेतलं, केंद्रातल्या बाटलीने मोजून एक लिटर ओतलं आणि जिथवर पाणी आलं तिथे बाहेरून खिळ्याने रेघ मारली. म्हटलं इथपर्यंत भरायचं आणि पाकीट पूर्ण टाकायचं, उरलेलं दुसऱ्या दिवशी फेकून द्यायचं. तिने लगेच विचारलं, उकळायला जळण नसेल तर? आमच्या पुस्तकात उकळूनच लिहिलं होतं आणि मी इतकी वर्षं तेच घोकलं होतं. त्या दिवशी पहिल्यांदा तिला सांगितलं की घरात जे सगळ्यात स्वच्छ पाणी असेल ते घे, पण थांबू नकोस, पाणी उकळायचं राहिलं म्हणून मुलाला काहीच न देणं जास्त धोक्याचं. हा प्रश्न तिने आधीच्या तीन खेपांत का विचारला नाही माहितीये का, मी तिला बसायलाच सांगितलं नव्हतं. लाइन मोठी असायची. नंतर मी शेजारच्या घरांतली भांडीही आणायला लावली, एकेकावर रेघ मारली, तासभर गेला, आणि त्या तासात मला त्या बायांनी जेवढं विचारलं तेवढं त्याआधी कोणी कधी विचारलं नव्हतं.