लो-रिस्क प्रोस्टेट कॅन्सर : लगेच ऑपरेशन की नुसतं लक्ष ठेवायचं?

पिंपळपान : बाबांचं वय ६६. पीएसए (प्रोस्टेटसाठीची रक्ताची तपासणी) ६.१ आला म्हणून बायॉप्सी केली, बारा तुकड्यांपैकी दोनात कॅन्सर निघाला, ग्लीसन ३+३, म्हणजे ६ (पेशी किती आक्रमक दिसतात त्याचा गुण, आकडा जितका कमी तितकं बरं). डॉक्टर म्हणतात आत्ता ऑपरेशन नको, रेडिएशन नको, ॲक्टिव्ह सर्व्हेलन्सवर ठेवू, म्हणजे ठरावीक तपासण्या करत नुसतं लक्ष ठेवू. घरात यावरून दोन तट पडलेत, आई म्हणते कॅन्सर अंगात ठेवून माणूस झोपेल कसा. मला डॉक्टरांचं पटतं. ग्लीसन ६ पसरणं फारच दुर्मिळ, मग त्यासाठी लघवीवरचा ताबा आणि लैंगिक आयुष्य आत्ताच पणाला का लावायचं? विरोधी मत असेल तर कारणासकट लिहा प्लीज.

स्पष्टवक्ता : माझा विरोध आहे. लक्ष ठेवणं, ऑपरेशन आणि रेडिएशन यांची तुलना करणाऱ्या ब्रिटनमधल्या प्रोटेक्ट ट्रायलमध्ये १६४३ पुरुष होते, पंधरा वर्षांचे निकाल २०२३ मध्ये आले. ज्यांच्यावर नुसतं लक्ष ठेवलं त्यांच्यातल्या ९.४ टक्के लोकांचा कॅन्सर पसरला, ऑपरेशनवाल्यांत ४.७. म्हणजे दुप्पट! शिवाय लक्ष ठेवलेल्यांपैकी ६१ टक्के लोकांना पुढे उपचार घ्यावेच लागले. मग ६६ व्या वर्षी तब्येत धड असताना करायचं ते पंचाहत्तरीत, बीपी-शुगर मागे लागल्यावर करायचं का?

रातराणी : अर्धाच निकाल सांगताय तुम्ही. त्याच ट्रायलमध्ये पंधरा वर्षांत प्रोस्टेट कॅन्सरने गेलेले किती? लक्ष ठेवलेल्यांत ३.१ टक्के, ऑपरेशनमध्ये २.२, रेडिएशनमध्ये २.९, हा फरक धरण्याइतका नाही असंच निघालं. आणि तिथे लक्ष ठेवणं म्हणजे मुख्यतः पीएसए बघत राहणं होतं, आजच्यासारखे एमआरआय आणि ठरलेल्या रिपीट बायॉप्सी नव्हत्या, सगळे पेशंट लो-रिस्कही नव्हते. ते ९.४ जसंच्या तसं यांच्या बाबांना लावू नका. आणि ६१ टक्क्यांचं म्हणाल तर बाकीचे ऑपरेशन-रेडिएशनविना राहिले ना, आणि ज्यांनी घेतले त्यांचीही काही वर्षं तरी धड गेली.

स्पष्टवक्ता : मरण सारखं म्हणजे सगळं सारखं नाही हो. पसरला की हार्मोनची इंजेक्शनं लागतात, अंगातून गरम वाफा, हाडं ठिसूळ, स्नायू उतरतात, त्यात जगलेली वर्षं आकड्यात ‘जिवंत’ म्हणूनच मोजतात. दुसरं म्हणजे बायॉप्सीची सुई बरोबर जागी लागेलच असं नाही, बायॉप्सीत ग्लीसन ६ आणि ऑपरेशननंतर गाठ तपासली की ७, असं बरेचदा होतं.

झुळूक : मी दुसऱ्या बाजूने लिहिते. माझ्या नवऱ्याचा रिपोर्ट असाच होता, आम्ही घाबरून लगेच ऑपरेशन केलं, थांबता येतं हे आम्हाला कुणी सांगितलंच नाही. आता खोकला आला, पटकन उठायचं झालं की लघवी सुटते. बॅगेत कायम पॅड आणि जास्तीची पँट, कुठे जायचं तर आधी टॉयलेट कुठे आहे ते विचारायचं. बाकीचं नवराबायकोतलं तर बोलूच नका, त्यावर ते गप्पच होतात. प्रोटेक्टमध्येच सहा वर्षांनी ऑपरेशनवाल्यांपैकी १७ टक्के पॅड वापरत होते, लक्ष ठेवलेल्यांत ८. हेही दुप्पटच आहे, स्पष्टवक्ता!

ऊनसावली : झुळूकताई, वाचून वाईट वाटलं. पण मनाचंही मोजा ना. माझा मोठा भाऊ लक्ष ठेवण्यावरच होता, दर पीएसएच्या आधी आठवडाभर झोप नाही, चिडचिड, पोटात गोळा. शेवटी रेडिएशन घेतलं, शौचाचा त्रास झाला काही काळ, पण माणूस शांत झाला. काहींना थांबणं झेपत नाही, त्यांना भित्रे ठरवू नका.

रातराणी : भित्रे कुणीच म्हणत नाहीये. पण भीतीवर उपाय म्हणून अवयव काढायचा, हे मला पटत नाही. पिंपळपान, बायॉप्सीआधी एमआरआय झाला होता का? आणि घराण्यात कुणाला स्तनाचा, अंडाशयाचा कॅन्सर? बीआरसीए२ या जीनमध्ये घराण्यातून आलेला दोष असेल तर हा कॅन्सर जास्त आक्रमक असतो, मग मीसुद्धा थांबा म्हणताना दहादा विचार करेन.

पिंपळपान : एमआरआय नाही झाला. आणि आत्या स्तनाच्या कॅन्सरनेच गेली, पंचेचाळिशीच्या आत, हे डॉक्टरांना आम्ही सांगितलेलंच नाही, त्यांनी विचारलंही नव्हतं. उद्या फोन करून दोन्ही गोष्टी बोलते. माझा कल अजून थांबण्याकडेच आहे.

स्पष्टवक्ता : जीन टेस्टचंही विचारा. एमआरआयमध्ये काही दिसलं तर त्याच जागेची पुन्हा बायॉप्सी मागा. ती ३+३ च आली आणि जीनमध्ये दोष नसला तर मी वाद घालणार नाही. पण तारखा चुकवायच्या नाहीत, पीएसए सहा-सहा महिन्यांनी म्हणाले तर सहाच. बाबा करतील का तेवढं?