घरी मराठी बोलल्याने मुलं अमेरिकेतल्या शाळेत मागे पडतात?

शरयू: ‘एच-४ वर (नोकरीसाठी आलेल्या नवऱ्यामागच्या व्हिसावर) आलेल्या आया घरात मराठी बोलतात, म्हणून मुलं न्यू जर्सीत आल्यावर अभ्यासातून मन काढतात, घरी इंग्रजीच बोला.’ कालच्या धाग्यावरचा हा सल्ला वाचून संताप झाला. मैदानावरचं इंग्रजी वर्ष-दोन वर्षांत येतं, पुस्तकातलं यायला पाच ते सात लागतात. पुण्यात गणितात पुढे असलेलं मूल इथे अडतं ते फूट-इंच, गॅलन आणि लांबलचक शाब्दिक उदाहरणांत. उत्तर बरोबर असतं, पण रीत इंग्रजीत समजावता येत नाही म्हणून गुण जातात. मग ते हात वर करणंच सोडतं. यात आईचा काय दोष? अपूर्णांक मराठीत नीट समजले असतील तर इथे फक्त शब्द नवे शिकावे लागतात.

मंदार७२: मराठी बोला हो, पण प्रवेशाच्या वेळी घरच्या भाषेच्या फॉर्मवर लिहू नका. लिहिलं की मूल ईएसएलमध्ये, म्हणजे इंग्रजी कच्चं असलेल्यांच्या वेगळ्या इंग्रजी तासाला, गेलंच. तेवढा वेळ वर्गातलं विज्ञान बुडतं. सरळ ‘इंग्रजी’ लिहा.

कावेरी: मंदार, असं सांगून तुम्ही लोकांच्या मुलांचं नुकसान करताय. नुसत्या फॉर्मवरून कुणाला ईएसएलमध्ये घालत नाहीत. आधी चाचणी होते: ऐकणं, बोलणं, वाचणं, लिहिणं. इंग्रजी माध्यमातली बरीच मुलं तिथेच मोकळी होतात. वर्षाच्या सुरुवातीला मुलाला त्यात घेतलं तर शाळेने ३० दिवसांत पालकांना कळवायचं असतं, आणि पालक नकार देऊ शकतात. खोटं लिहिलंत तर चाचणी नाही, राज्याच्या परीक्षेत जादा वेळ नाही, शब्दकोश नाही. मूल गप्प बसलं की शिक्षक त्याला आळशी समजतात.

मंदार७२: आणि एकदा अडकलं की वर्षानुवर्षं सुटत नाही, त्याचं काय? नकार दिला तरी इंग्रजीची दरवर्षीची परीक्षा द्यावीच लागते.

कावेरी: द्यावी लागते, हे खरं. पण बोलण्याच्या भागात हेडफोन लावून माइकवर उत्तर द्यायचं असतं. लाजरी मुलं एका शब्दात उरकतात आणि तिथेच पातळी घसरते. चारही भागांचे गुण वेगवेगळे मागून घ्या. घरी चित्र दाखवून कारणासकट तीन-चार वाक्यं बोलायची सवय लावा.

सुमेधा: सगळे फॉर्मवरच भांडताय! त्या आईकडे कोण बघणार? पदवी आहे, पण बहुतेकींना नवऱ्याचा आय-१४० (ग्रीन कार्डसाठी कंपनीने भरलेला अर्ज) मंजूर होईपर्यंत कामाच्या परवान्यासाठी अर्जही करता येत नाही. ती सोयसुद्धा २०१५ पासूनची. गाडी नाही, शेजारी ओळख नाही. मग दिवसभर मुलाचे गुण दाखवणारं शाळेचं पोर्टल उघडून बसते आणि मूल दारात आलं की पहिला प्रश्न ‘बी ग्रेड का आली?’ मुलाचं मन तिथे उडतं. पोर्टल आठवड्यातून एकदाच बघा. शिक्षकांची पत्रं मुलाकडून वाचून घेऊ नका, शाळेकडे दुभाषा मागा.

मंदार७२: पोर्टलचं पटलं. फॉर्मचं अजून पटलेलं नाही.

कावेरी: नसेल पटलं, तरी निदान नव्याने येणाऱ्यांना ‘इंग्रजी’ लिहायला सांगू नका.