हंबनटोटा: बोट दाखवायचं ते फक्त चीनकडेच का?

जमाखर्च:
श्रीलंकेचा विषय निघाला की "चीनने बंदर गिळलं" हे ठरलेलं वाक्य येतंच. पण हिशेब बघा. हंबनटोटा या तिथल्या बंदराच्या पहिल्या टप्प्यासाठी चीनच्या सरकारी एक्झिम बँकेने सुमारे ३१ कोटी डॉलर दिले. २०१७ मध्ये बंदर ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने चायना मर्चंट्स या चिनी सरकारी कंपनीकडे गेलं, ११२ कोटी डॉलरला. त्या पैशांतून बंदराचं कर्ज फिटलं नाही. पैसे परकीय गंगाजळीत गेले, कर्ज सरकारच्याच डोक्यावर राहिलं. एप्रिल २०२२ मध्ये देशाने कर्जफेडीबाबत हात वर केले, तेव्हा परकीय कर्जात सर्वांत मोठा वाटा बाजारात विकलेल्या डॉलर रोख्यांचा होता. शिवाय २०१९ च्या अखेरीस व्हॅट १५ वरून ८ टक्क्यांवर आणला तो तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष गोटाबाया राजपक्षे यांनी, बीजिंगने नव्हे.

आडवा_प्रश्न:
असहमत. घेणारा उधळ्या निघाला म्हणून देणारा सुटतो होय? केनियाची मोम्बासा-नैरोबी रेल्वे घ्या. कर्ज चिनी, कंत्राटदारही चिनी. करार वर्षानुवर्षं गुलदस्त्यात. नोव्हेंबर २०२२ मध्ये काही कागद बाहेर आले तेव्हा कळलं, त्यात गोपनीयतेचं कलम आहे आणि वाद झालाच तर लवाद बीजिंगमध्ये. फेडणाऱ्यालाच अटी ठाऊक नाहीत!

जमाखर्च:
गोपनीयतेचं समर्थन करता येत नाही, मान्य. पण रोखेवाले कुठे दयाळू आहेत? २०२० मध्ये झांबियाने व्याज पुढे ढकलायची विनंती केली, त्यांनी धुडकावली. सव्वाचार कोटी डॉलरच्या हप्त्यावर देश थकबाकीदार ठरला.

आडवा_प्रश्न:
का धुडकावली तेही सांगा की. आपण सवलत द्यायची आणि ते पैसे चीनकडे वळायचे, अशी त्यांना धास्ती होती. म्हणजे फिरून चिनी कर्जांची लपवाछपवीच. पुढे जी-२० देशांनी कर्जसवलतीसाठी आखलेल्या चौकटीत झांबियाचा सरकारी सावकारांशी समझोता व्हायला जून २०२३ उजाडलं, रोखेधारकांशी २०२४.

नदीकाठ:
दोघेही सावकाराची जात तपासताय. केनियाच्या रेल्वेचं तिकीट शिलिंगात, म्हणजे तिथल्या चलनात, हप्ता डॉलरमध्ये. शिलिंग घसरला की गाडी भरून धावली तरी खड्डा वाढतो. केनियाने फेब्रुवारी २०२४ मध्ये जुने रोखे फेडायला दीड अब्ज डॉलरचे नवे काढले, ९.७५ टक्क्यांनी. आणि अशा कर्जांत सुरुवातीची वर्षं मुद्दल भरायचंच नसतं! फीत एकाने कापायची, हप्ते पुढच्याने भरायचे. कोण नाही म्हणेल?

आडवा_प्रश्न:
म्हणूनच करार संसदेत मांडल्याशिवाय सरकारी हमी नको.

जमाखर्च:
हंबनटोटाच्या वेळी श्रीलंकेत संसद होतीच की. बहुमत कुणाचं होतं, तेवढं बघा.