शब्दचर्चा: ‘होल्डआउट’, ‘एक्स्टेन्शन’ आणि ॲरन जजची जाहीर बोलणी

पुण्याहून
बेसबॉलवरच्या एका लेखाचा अनुवाद करते आहे आणि तीन-चार शब्दांपाशी गाडी अडली आहे. लेख न्यूयॉर्क यांकीजच्या ॲरन जजवर आहे. २०२२चा मोसम सुरू होण्याआधी संघाने त्याला नवा करार देऊ केला, त्याने तो घेतला नाही आणि आकडे जगजाहीर झाले. माझा कच्चा मसुदा: ‘वसंत प्रशिक्षणादरम्यान जज मुदतवाढीसाठी संपावर गेला.’ वाचताना खटकते आहे, पण नेमके कुठे ते सांगता येत नाही. ‘होल्डआउट’, ‘एक्स्टेन्शन’, ‘स्प्रिंग ट्रेनिंग’ यांना तुम्ही काय म्हणाल?

न्यू जर्सीहून
ताई, ‘संप’ आधी काढा. जज घरी बसलाच नव्हता. फ्लोरिडात टॅम्पाच्या शिबिरात तो हजर होता, सराव सामने खेळत होता. त्याचे म्हणणे एवढेच की बोलणी मोसमाच्या पहिल्या सामन्यापर्यंत. नंतर मोसम संपेपर्यंत विषय बंद. ८ एप्रिलला सामन्याआधी सरव्यवस्थापक ब्रायन कॅशमन पत्रकारांसमोर आले आणि आकडेच सांगून मोकळे झाले: २०२३ ते २०२९ अशा सात वर्षांचे २१ कोटी ३५ लाख डॉलर, शिवाय चालू वर्षाचे १ कोटी ७० लाख. तेव्हा ‘प्रस्ताव नाकारला’ एवढेच खरे.

गोंधळ का होतो तेही सांगतो. त्याच वसंतात शिबिरे उशिरा सुरू झाली होती, कारण २ डिसेंबर २०२१ ते १० मार्च २०२२ बेसबॉल बंदच होते. पण तो बंद मालकांनी केला होता, खेळाडूंनी नव्हे.

मुंबईहून
म्हणजे टाळेबंदी. गिरणगावात वाढलेल्या माणसाला हा फरक सांगावा लागत नाही: संप कामगारांचा, टाळेबंदी मालकाची. तिसरा प्रकार एकट्यादुकट्याचा, त्याला मराठीत ‘अडून बसणे’ म्हणतात आणि ‘होल्डआउट’ला हाच शब्द चपखल आहे. फक्त तो जजला लावू नका.

अडून कोण बसले होते? १९६६ साली लॉस एंजेलिस डॉजर्सचे दोन गोलंदाज, सँडी कोफॅक्स आणि डॉन ड्रायस्डेल. (बेसबॉलवाले त्यांना ‘पिचर’ म्हणतात, लेखात तोच शब्द ठेवा.) आदल्या मोसमात एकाने २६, दुसऱ्याने २३ सामने जिंकून दिलेले, संघ अजिंक्य ठरलेला. संघ शिबिरासाठी व्हेरो बीचला गेला, हे दोघे गेलेच नाहीत. दोघांची मागणी एकत्र: मिळून तीन वर्षांचे दहा लाख डॉलर. मालकांना रकमेपेक्षा ‘मिळून’ हा शब्द जास्त झोंबला. महिनाभर ताणाताणी झाली आणि शेवटी कोफॅक्सला वर्षाचे सव्वा लाख, ड्रायस्डेलला एक लाख दहा हजार मिळाले.

त्यांना अडून का बसावे लागले, हे लक्षात घेतले की शब्द आपोआप सुचतो. तेव्हा ‘राखीव कलम’ होते. करार संपला तरी खेळाडूवर हक्क जुन्याच संघाचा. दुसरीकडे जायची सोय नाही, म्हणून हातात एकच हत्यार: सही न करणे. १९७५च्या अखेरीस पीटर साइट्झ या लवादाने मेसरस्मिथ आणि मॅकनॅली या दोन पिचरांच्या बाजूने निवाडा दिला आणि ते कलम मोडले. त्यानंतर ठरावीक वर्षे खेळून, वाट पाहून करारमुक्त होता येऊ लागले. जज २०१६च्या ऑगस्टमध्ये आला, म्हणजे २०२२चा मोसम संपला की तो मोकळा. मग त्याने कशाला अडून बसावे? त्याने फक्त ‘ताणून धरले’.

पुण्याहून
‘हट्ट धरला’ चालेल का? आणि संघाच्या बाजूने ‘अडवणूक’?

मुंबईहून
हट्ट लहान मुलाचा. लिहिलात की निकाल देऊन टाकलात. अडवणूक कचेरीतला कारकून करतो, कॅशमननी तर आकडा समोर ठेवला होता.

नाशिकहून
‘मुदतवाढ’बद्दल बोलायचे तर ती निविदेला मिळते, निवृत्त होणाऱ्या सचिवाला मिळते. त्यात अटी त्याच राहतात, तारीख पुढे सरकते. इथे जुना करार संपण्याआधीच पुढच्या सात वर्षांचा, वेगळ्या रकमेचा करार मांडला होता. शिवाय जजने स्वतः तारीख घातलेली, म्हणजे तुमच्या लेखात ‘मुदतवाढीची मुदत’ असले काहीतरी येणार. त्यापेक्षा सरळ ‘पुढचा करार’ म्हणा.

दुसरे, तुम्ही ‘जाहीर वाटाघाटी’ लिहाल तर जरा थांबा. बाजार समितीत हिशेबनीस म्हणून काम केलेल्याला हा प्रकार ओळखीचा वाटतो. कायद्याने उघड लिलाव हवा, पण हत्ता पद्धत कुठे कुठे चालायची: रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरायचा, शेतकऱ्याला काही दिसायचे नाही. कॅशमननी केले ते उलटे. बोलणी रुमालाखालीच झाली होती, फिसकटल्यावर त्यांनी रुमाल उचलला. वाटाघाटी जाहीर नव्हत्या, आकडा जाहीर झाला.

न्यू जर्सीहून
अगदी बरोबर. कॅशमन यांचे म्हणणे होते की आकडे आज ना उद्या फुटणारच. जजने मात्र नंतर मुलाखतीत सांगितले की आपल्याला ते रुचले नव्हते. आपल्यावर दबाव यावा, चाहते आपल्यावर उलटावेत, असा तो डाव होता असे त्याला वाटले. म्हणून क्रियापदही कोणाच्या तोंडी आहे ते पाहून निवडा. संघाच्या बाजूने ‘जाहीर केले’, जजच्या बाजूने ‘चव्हाट्यावर मांडले’. लेखकाने स्वतः बोलताना पहिलेच वापरावे असे माझे मत.

पुण्याहून
लेखात पुढे जजने ‘स्वतःवर पैज लावली’ असे येते. आणि जूनमध्ये चालू वर्षाच्या पगारावरून आलेला लवादाचा प्रसंग आहे, तिथे ‘लवादाने १ कोटी ९० लाख दिले’ असे केले आहे.

न्यू जर्सीहून
पैज जुगारी लावतो. ‘आपल्या मनगटावर भरवसा ठेवला’ म्हणा, माणूस फलंदाजच आहे. त्या मोसमात त्याने ६२ होमरन (आपल्याकडच्या षटकारासारखे फटके) मारले आणि रॉजर मॅरिसचा १९६१चा ६१चा अमेरिकन लीगमधला (बेसबॉलच्या दोन मोठ्या लीगपैकी एक) विक्रम मागे टाकला. डिसेंबरात त्याच संघाशी नऊ वर्षांचे ३६ कोटी डॉलर ठरले, वर कप्तानपद. म्हणजे एप्रिलचा सात वर्षांचा आकडा वर्षाला ३ कोटी ५ लाख पडत होता, हा ४ कोटी. ‘कमाई वाढली’ म्हणताना वर्षेही वाढली हे लिहा, नुसत्या बेरजा शेजारी ठेवल्या की वाचक फसतो.

आता लवाद. बेसबॉलमध्ये खेळाडू एक आकडा देतो, संघ एक. लवादाला त्यातलाच एक उचलावा लागतो, मधला देताच येत नाही. जजचा होता २ कोटी १० लाख, संघाचा १ कोटी ७० लाख. १ कोटी ९० लाख हा बरोबर मधला, म्हणजेच तो लवादाचा असूच शकत नाही. सुनावणीआधी दोघांनी ‘तडजोड’ केली. ‘निवाडा’ शब्द तिथे नको.

नाशिकहून
‘वसंत प्रशिक्षण’ राहिलेच. प्रशिक्षण शिकाऊ माणसाला देतात, तिशीला टेकलेल्या जजला कोण देणार? ‘मोसमपूर्व शिबिर’ पुरे. वसंत ठेवायचाच असेल तर ‘वसंत शिबिर’, पण ते फेब्रुवारीत सुरू होते आणि आपल्याकडे तेव्हा माघ चालू असतो.

पुण्याहून
मग हे पाहा: ‘मोसमपूर्व शिबिर संपले तरी पुढच्या कराराची बोलणी जुळली नाहीत. जजने ताणून धरले आणि सलामीच्या सामन्याआधी संघाने आपला देकार जाहीर केला: सात वर्षांचे २१ कोटी ३५ लाख.’

मुंबईहून
‘देकार’ झकास, हल्ली फार कमी दिसतो. ‘लाख’च्या पुढे ‘डॉलर’ तेवढे लिहा, नाहीतर अर्धे वाचक रुपये समजतील.